व्यासंग आणि खूळ : मराठी समीक्षेची एक सोयीस्कर विभागणी

१

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट मराठी वाचकाला दोन कारणांनी परिचित असतो. एक कारण प्रतापगडाचे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी या परिसरात जे घडले, त्यावर पोवाड्यापासून चित्रपटापर्यंत अखंड लेखन-कथन होत आले आहे. दुसरे कारण पावसाळ्यातल्या दरडींचे. ते दरवर्षी वृत्तपत्रांत येते आणि श्रावण सरला की विसरले जाते. आंबेनळीला जगात ज्या तिसऱ्या कारणाने ओळखतात, त्याचा मात्र मराठी वाङ्मयीन व्यवहारात मागमूस नाही. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ ज्या लाव्ह्याच्या थरांनी घडला, त्या थरांची भूशास्त्रज्ञांनी जी विभागणी केली तीत 'पोलादपूर', 'आंबेनळी' आणि 'महाबळेश्वर' ही एकावर एक रचलेल्या तीन शैलसमूहांची नावे आहेत. या तिन्हींना कवेत घेणाऱ्या उपगटाचे नाव 'वाई' असे आहे. के. जी. कॉक्स आणि सी. जे. हॉक्सवर्थ यांनी १९८४-८५च्या सुमारास महाबळेश्वर परिसरातील थरांचे रासायनिक वाचन प्रसिद्ध केले. तेव्हापासून महाड-पोलादपूरच्या या डोंगरउतारांची नावे भूशास्त्राच्या जागतिक परिभाषेचा भाग होऊन बसली आहेत.

एवढ्यावर हा विषय भूशास्त्राच्या वर्गात सोडून देता आला असता. तसा तो सोडता येत नाही, कारण ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी हे थर पुन्हा पुन्हा तपासले जातात तो प्रश्न आजच्या तरुण वाचक-प्रेक्षकाच्या कल्पनाविश्वाच्या केंद्रस्थानी आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर का नष्ट झाले, हा तो प्रश्न. १९८० साली आल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनिपाताचा सिद्धांत मांडला. पुढे मेक्सिकोतील चिक्शुलुब येथील विवराने त्याला बळ दिले. परंतु दख्खनच्या लाव्ह्याचा या विनाशात काही वाटा होता काय, हा वाद मिटलेला नाही. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन संशोधकगटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एका गटाच्या मते हे उद्रेक चार मोठ्या आवर्तनांत झाले आणि त्यांतले पोलादपूरचे आवर्तन विनाशाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाले. दुसऱ्याच्या मते उद्रेक बहुतांशी सलग होते आणि लाव्ह्याचा मोठा वाटा विनाशानंतरचा आहे. पृथ्वीवरच्या सर्वांत प्रसिद्ध मृत्यूच्या चौकशीत पोलादपूरचे नाव असे साक्षीदार म्हणून येते, आणि त्याचा उच्चार मराठीत कोणी करीत नाही.

२

स्टीव्हन स्पिलबर्गचा 'जुरासिक पार्क' १९९३ साली आला आणि १९९४ साली हिंदी आवाजात भारतभर पोचला. त्यानंतरच्या पिढ्यांना डायनोसॉर पाठ्यपुस्तकाने दिले नाहीत. चित्रपटांनी, चित्रकथांनी आणि व्हिडिओ गेम्सनी दिले. या पिढ्यांमध्ये जी एक विशिष्ट वृत्ती रुजली तिला इंग्रजीत 'गीक' वृत्ती म्हणतात. एखाद्या कल्पित किंवा तांत्रिक विश्वाचा बारीकसारीक तपशील मुखोद्गत असणे, त्यातल्या विसंगतींवर तासन्‌तास वाद घालणे, यंत्र उघडून पाहिल्याशिवाय चैन न पडणे, ही तिची लक्षणे होत. 'जुरासिक पार्क'मधले बहुतेक प्राणी मुळात जुरासिक कालखंडातले नसून नंतरच्या क्रिटेशस कालखंडातले आहेत, हे या वृत्तीचा बारा वर्षांचा मुलगा सहज सांगतो. हा शब्द इंग्रजीत पूर्वी जत्रेतल्या किळसवाण्या खेळ करणाऱ्यांना लावीत. तो निंदेतून निघून गौरवापर्यंत आला.

मराठीत या वृत्तीसाठी शब्दांची वाण नाही. छांदिष्ट, नादिष्ट, खटपट्या, व्यासंगी, चक्रम, खुळा हे सारे शब्द एकाच मानसिक अवस्थेची वर्णने आहेत. त्यांतला कोणता शब्द कोणाला लावायचा हे मात्र ती अवस्था ठरवत नाही. तिचा विषय ठरवतो. एखाद्याने ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतील पाठभेदांची जंत्री करण्यात तीस वर्षे घालवली, तर तो व्यासंग. मोडी दफ्तरांतल्या तारखा जुळवण्यात डोळे अधू केले, तर तोही व्यासंग, आणि योग्यच. परंतु तीच चिकाटी, तीच तपशिलाची भूक, तोच पुराव्याचा आग्रह एखाद्या तरुणाने व्हिडिओ गेमची अंतर्गत रचना उलगडण्यात दाखवला तर ते खूळ! मग ही वर्गवारी ज्ञानप्रक्रियेची म्हणता येत नाही, ती प्रतिष्ठेची आहे. समीक्षा जेव्हा प्रतिष्ठेची वर्गवारी निमूटपणे स्वीकारते, तेव्हा ती समीक्षा उरत नाही, शिष्टाचार होते.

यातली विसंगती मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत उघडपणे दिसते. पदव्युत्तर वर्गांत रोलाँ बार्थ शिकवला जातो. चिन्हमीमांसेवर प्रश्न विचारले जातात, उत्तरे लिहिली जातात, गुण दिले जातात. परंतु बार्थने १९५७च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये कशावर लिहिले? कुस्तीवर, कपडे धुण्याच्या पावडरींवर, मुलांच्या खेळण्यांवर. त्याची परिभाषा पूज्य आणि त्याचे विषय त्याज्य, असा हा सोवळा स्वीकार आहे. वाचककेंद्री समीक्षेचेही तेच झाले. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो हे इझरचे म्हणणे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला, खेळणाऱ्याच्या कृतीवाचून जिचे कथानक पुढेच सरकत नाही अशी संहिता दिसत असते. तिचा उच्चार उत्तरपत्रिकेत करण्याचे धाडस मात्र त्याला होत नाही.

३

या उदासीनतेच्या बाजूने तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही गंभीरपणे तपासण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप देशीवादी भूमिकेचा. ही सगळी संस्कृती अमेरिकी बाजारपेठेने लादलेली आहे, तिच्यात इथल्या भूमीचे काही नाही, म्हणून तिची दखल घेणे म्हणजे शरणागती पत्करणे होय, असे हे म्हणणे. यातले निदान बरेचसे खरे आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची नायिका भारतीय, त्यातल्या देवता भारतीय, कथनासाठी छायाबाहुल्यांचा वापर केलेला, परंतु मूळ निवेदन इंग्रजीत. पुण्यात घडलेल्या कृतीला मराठीची गरज भासू नये, ही गोष्ट कोणाही मराठी अभ्यासकाला बोचली पाहिजे. प्रश्न असा की, ही बोच कोणी व्यक्त करायची? जी समीक्षा अशा कृतीला वाचण्याजोगी संहिताच मानीत नाही, तिला या कृतीच्या भाषेविषयी तक्रार करण्याचा अधिकार कोठून येतो? दुर्लक्ष करून प्रतिकार होत नाही. त्याने मैदान तेवढे मोकळे होते.

निदान खरे असले तरी त्यामागची शुद्धतेची कल्पना खोटी आहे, आणि येथे आंबेनळीचा कातळच उपयोगी पडतो. घाटातला काळा पाषाण नुसत्या डोळ्यांना जवळपास सारखाच दिसतो. थर वेगळे ओळखू येतात ते त्यांतल्या मूलद्रव्यांच्या आणि समस्थानिकांच्या प्रमाणांवरून. या वाचनातून असे दिसते की, आंबेनळी समूहातला लाव्हा वर येताना भूकवचाशी फारच थोडा मिसळला. तो पृथ्वीच्या पोटातल्या मूळ द्रव्याला सर्वांत जवळचा आहे. त्याच्या खालच्या पोलादपूर समूहात मात्र कवचाची सरमिसळ स्पष्ट दिसते. म्हणून पोलादपूरचा डोंगर आंबेनळीहून कमी सह्याद्रीचा ठरतो काय? भूशास्त्रज्ञ सरमिसळीला दोष मानीत नाही, तो तिच्यावरून थराचा प्रवास ओळखतो. साहित्यसमीक्षेनेही संकराकडे असेच पाहावयास हवे. संहिता कोणकोणत्या थरांतून वर आली हे तपासावे, तिचे सोवळेओवळे तपासू नये.

दुसरा आक्षेप सौंदर्यवादी. या कृती साच्यातल्या असतात, त्यांत अनुभवाची खोली नसते, आणि त्यांचे सारे सामर्थ्य तांत्रिक करामतीत असते, असे हा पक्ष म्हणतो. साचेबंदपणाचा आरोप पुष्कळदा खरा असतो, जसा तो पुष्कळशा कवितेबाबतही खरा असतो. परंतु तांत्रिक करामत म्हणजे कलेचे उणेपण, हे समीकरण मराठी संस्कृतीच्या इतिहासाला धरून नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, वाटाण्याचे रोप उगवतानाची छायाचित्रे ठरावीक अंतराने टिपून वाढीचा चित्रपट केला आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. मराठी माणसाच्या चित्रपटाचा आरंभ एका छांदिष्टाच्या प्रयोगातून झाला आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वतःचा कॅमेरा तयार केला. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री होते, ही गोष्ट येथे केवळ चरित्रातला तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कसब आणि कला यांच्यातली मराठी दरी वर्णव्यवस्थेने खणलेली आहे. लेखणी वर आणि हातोडी खाली, ही उतरंड मोडण्याची भाषा साहित्यात झाली, पण सौंदर्यविचारात ती शाबूत राहिली. 'तांत्रिक करामत' हा शब्दप्रयोग तुच्छतेने उच्चारला जातो तेव्हा त्यात हीच उतरंड बोलत असते. ज्या महाडने १९२७ साली पाण्यावरच्या मक्तेदारीला आव्हान दिले, त्या महाडच्या परिसराचा विचार करताना ज्ञानावरच्या मक्तेदारीची आठवण होणे अपरिहार्य आहे.

अर्थात करामतीला मोकळे सोडावे असा याचा अर्थ नाही. पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथे त्यांची समाधी आहे. २०२० सालच्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटाने त्यांची कथा संगणकीय दृश्यपरिणामांच्या साहाय्याने त्रिमितीत मांडली. त्यात जो सह्याद्री दिसतो तो प्रामुख्याने उंची, अंधार आणि उडी एवढ्यापुरता उरतो. पाऊस, नाचणी, वाडीवरची माणसे यांना त्यात स्थान नाही. पोवाड्यातली घोरपडही अद्भुतच होती, पण तिला डोंगर कसा चढतात हे माहीत असलेल्या श्रोत्यांची साथ होती. या दोन अद्भुतांमध्ये नेमके काय बदलले हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी आधी दृश्यपरिणामांची भाषा शिकावी लागेल. नाक मुरडून तो प्रश्न विचारता येत नाही.

४

तिसरा आक्षेप विरोधकांचा नाही, तो मित्रांचा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. विज्ञानकथेचे पुरस्कर्ते म्हणतात की, हे साहित्य विज्ञानप्रसार करते, वैज्ञानिक दृष्टी रुजवते, म्हणून ते मोलाचे. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांच्या स्पर्धा घेऊन या प्रकाराला जे व्यासपीठ दिले त्याचे ऋण मोठे आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, 'कृष्णविवर' ही कथा अशाच स्पर्धेत पाठवली आणि ती पहिली आली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींनी हा प्रवाह जोमदार केला. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली होती, हे विशेष. परंतु प्रसाराच्या निकषाने या कथांना कायमचे शाळेच्या बाकावर बसवले. कथेतले विज्ञान बरोबर आहे का, एवढे तपासून वाचक उठला आणि कथेचे कथापण तपासायचे राहून गेले.

याचा सर्वांत ठळक पुरावा 'गंगाधरपंतांचे पानिपत' या नारळीकरांच्या कथेने मिळतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पडतात. तिच्या इतिहासात मराठ्यांनी १७६१चे पानिपत जिंकलेले असते. कथेची चर्चा बहुधा गणितातला कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत आणि पुंजवाद यांच्या अंगाने होते. परंतु त्या दुसऱ्या जगाचा पुरावा म्हणून कथेत काय येते? यंत्र नाही, समीकरणही नाही. येते ते भाऊसाहेबांच्या बखरीचे एक पान, ज्यावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते. दोन विश्वांमधला फरक म्हणजे एक पाठभेद! मराठी संहितासमीक्षेचे मूलभूत साधनच येथे कथेचे यंत्र झाले आहे. ज्या भाषेत पाठचिकित्सेला एवढा मान, त्या भाषेत या कथेचे हे अंग समीक्षेच्या चर्चेच्या मध्यभागी असावयास हवे होते. ते तसे नाही, याचे कारण पाठचिकित्सा हा व्यासंग आणि विज्ञानकथा हे खूळ, हेच.

आणि हेच पाठभेदाचे तत्त्व व्हिडिओ गेमचे मूलतत्त्व आहे. १९९१च्या 'सिव्हिलायझेशन'पासून १९९७च्या 'एज ऑफ एम्पायर्स'पर्यंत आणि त्यानंतरही, ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांत खेळणारा प्रत्येक वेळी इतिहासाचा नवा पाठ तयार करतो. त्या पाठांना मर्यादा घालणारे नियम कोणी लिहिले, त्या नियमांत राज्यविस्तार म्हणजेच प्रगती असे का गृहीत धरलेले असते, ज्याला राज्य वाढवायचेच नाही त्याला त्या खेळात जागा का नाही, हे प्रश्न थेट विचारसरणीच्या समीक्षेचे आहेत. बखरीला जे प्रश्न विचारले जातात ते या नियमावलीला का विचारू नयेत?

नारळीकरांच्या वाट्याला सन्मान कमी आले नाहीत. २०१४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मात्र 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा श्रद्धांजल्यांची रास पडली. लेखकाला मखरात बसवायचे आणि त्याचा साहित्यप्रकार 'अन्य' या सदरात ठेवायचा, हा दुर्लक्षाचाच एक सभ्य प्रकार आहे.

५

या सगळ्यात पणाला काय लागले आहे? केवळ एका साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा लागली असती तर एवढा खटाटोप व्यर्थ ठरला असता. पणाला लागली आहे ती भाषेची भौतिक जगाशी असलेली नाळ.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही बळी गेले. त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते पाणी सावित्रीने खाली आणले आणि महाड बुडाले. २००५च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. कठीण बेसाल्टवर साचलेली माती पाणी पिऊन जड होते, तिची पकड सुटते आणि उतार सरकतो. जमिनीला पडणाऱ्या भेगा, अचानक गढूळ होणारे झरे, कलणारी झाडे या त्याच्या खुणा आहेत. कथा दरड अडवत नाही, हे कबूल आहे. परंतु डोंगराकडे संहिता म्हणून, खुणांची व्यवस्था म्हणून पाहण्याची सवय भाषा लावू शकते किंवा मोडू शकते. मराठी साहित्याने सह्याद्रीला गडांचा इतिहास दिला, निसर्गकवितेचे धुके दिले. त्याच्या पोटातली रचना मात्र तिने तज्ज्ञांच्या इंग्रजी अहवालांना देऊन टाकली.

याउलट मार्ग मराठीने पूर्वी आखलेला होता. घाटापलीकडच्या ज्या वाईचे नाव भूशास्त्राने या थरांना दिले, त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. वेदान्तावरच्या नोंदीशेजारी यंत्रावरची नोंद तितक्याच निगुतीने लिहिण्याचा तो संकल्प होता. त्या संकल्पात व्यासंग आणि खूळ ही विभागणी नव्हती. परिभाषा घडवणे हे वाङ्मयीन काम आहे, अशी त्यामागची जाण होती. साहित्यसमीक्षेने ती जाण पुढे नेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती दयेची नाही. चित्रपटांचे भाषांतरित संवाद आणि खेळांतले कथन हे अनुवादाभ्यासाचे साहित्य मानले जावे. विज्ञानकथेला 'विज्ञान किती' या प्रश्नातून सोडवून कथनमीमांसेचे सारे प्रश्न विचारले जावेत, आणि ज्या कथा त्या प्रश्नांपुढे टिकणार नाहीत त्या खुशाल पडू द्याव्यात. आजवरची उपेक्षा जितकी अन्यायकारक, तितकेच आजवरचे कौतुकही आळशी होते. आणि छांदिष्ट विद्यार्थ्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हटले जावे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या महाकाय प्राण्याला आज 'इसिसॉरस' म्हणतात. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेवरून तिथल्या प्राण्यांच्या आहारात गवत होते, हे २००५ साली कळले. एखादा विद्यार्थी हे सांगू लागला की त्याला 'विषयाला धरून बोल' असे बजावण्याऐवजी, हे मराठीत कसे लिहिशील, असे विचारले जावे. उत्तर देताना त्याला काळाचे मान सांगणारी क्रियापदे शोधावी लागतील, न पाहिलेल्या प्राण्याचे वर्णन खोटे न वाटू देता करावे लागेल, आणि पुरावा व अनुमान यांतला फरक वाक्यरचनेत दाखवावा लागेल. मराठीच्या अध्यापनाला याहून विषयाला धरून असलेले काम क्वचितच मिळेल.

पोलादपूरच्या शाळेतल्या मुलाला हिंदी आवाजातला डायनोसॉर ठाऊक आहे. शाळेच्या खिडकीतून दिसणारा डोंगर त्याच प्राण्याच्या मृत्यूच्या कथेतला आहे, हे त्याला अद्याप त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले नाही. तो मुलगा उद्या मराठीच्या वर्गात येणार आहे. त्याच्या कुतूहलाला तेथे पुन्हा खूळच म्हटले गेले, तर तो वर्ग सोडून जाईल. रिकाम्या बाकांची कारणे मग केवळ जागतिकीकरणात शोधणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.